पंचनाम्याआधीची यादी

१/ २५ ऑगस्ट १९९२ची रात्र. बोस्नियाची राजधानी सारायेवो वेढ्यात होती. भोवतालच्या डोंगरांवरून बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा शहरातील एका इमारतीवर आग ओकू लागल्या. १८९६ साली नगरभवन म्हणून पूर्ण झालेली ही वास्तू, ‘व्हियेच्निका’, तेव्हा राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालय होती. आत सुमारे पंधरा लाख ग्रंथ होते आणि त्यांत दीड लाखांहून अधिक दुर्मीळ पोथ्या व पुस्तके होती. ग्रंथपाल आणि नागरिक गोळीबारात साखळी करून पुस्तके बाहेर काढत राहिले. तरीही संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. जळक्या पानांची राख शहरावर पसरली.

२/ त्याआधी तीन महिने, १७ मे १९९२ रोजी, याच शहरातील प्राच्यविद्या संस्था तोफगोळ्यांनी पेटली होती. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीतल्या बोस्नियन भाषेतील ५,२६३ हस्तलिखिते तिच्याबरोबर नष्ट झाली. येथे थोडे थांबून त्या आकड्याकडे पाहावे. तो ‘सुमारे पाच हजार’ असा नाही. ५,२६३ असा नेमका आहे. म्हणजे आग लागण्यापूर्वी कोणीतरी प्रत्येक पोथी हातात घेऊन, पाने मोजून, तिला क्रमांक दिला होता. प्रस्तुत लेखमालेचा विषय तो क्रमांक देणारा हात हा आहे.

३/ सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक वारशाची हानी होते तेव्हा जगाचे लक्ष ज्वाळांकडे जाते, नंतर ढिगाऱ्याकडे जाते आणि मग दुसरीकडे वळते. हानीची पद्धतशीर नोंद ठेवणे हे रूक्ष, कारकुनी काम समजले जाते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. न्याय, पुनर्बांधणी आणि नाकबुलीला उत्तर या तिन्ही गोष्टी त्या रूक्ष कामावरच उभ्या राहतात. आणि ते काम युद्ध पेटल्यावर सुरू केले तर बहुधा उशीर झालेला असतो.

४/ महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गारपीट झाली की तलाठी बांधावर येतो आणि पंचनामा करतो. परंतु सातबाऱ्यावर पीक नोंदलेलेच नसेल तर पंचनाम्यात काय लिहिणार? जे आधी कागदावर नव्हते, ते गेले हे सिद्ध करता येत नाही. वारशाच्या हानीचेही तसेच आहे. प्रत्येक पंचनाम्यामागे एक जुनी यादी असावी लागते. ती नसेल तर नुकसान झालेले असूनही ‘नुकसान’ म्हणून उभे राहत नाही.

५/ ही जाणीव कायद्यात हळूहळू उतरली. १८६३ सालच्या अमेरिकी यादवी युद्धातील लीबर संहितेने ग्रंथालये, कलाकृती व शास्त्रीय संग्रह यांना संरक्षण देऊ केले. १९०७च्या हेग नियमांनी धर्म, शिक्षण, कला यांना वाहिलेल्या संस्थांची व ऐतिहासिक स्मारकांची हेतुपुरस्सर नासधूस निषिद्ध ठरवली. त्यानंतर दोन महायुद्धे झाली. त्यांतील राखेतून १४ मे १९५४ रोजी सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा स्वतंत्र हेग करार आला. निळ्या-पांढऱ्या ढालीचे चिन्ह त्याच कराराचे आहे. भारत १९५८पासून या कराराचा सदस्य आहे.

६/ या कराराचे तिसरे कलम फारसे कोणाच्या स्मरणात नसते. सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाची तयारी शांततेच्या काळातच करावी, असे बंधन ते सदस्य राष्ट्रांवर घालते. १९९९च्या दुसऱ्या शिष्टाचाराने या तयारीत काय काय येते हे स्पष्ट केले, आणि त्यात पहिला मान याद्या तयार करण्याला दिला. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही उमगले होते की ढाल रंगवण्याआधी ती कोणत्या दारावर लावायची हे ठाऊक असले पाहिजे.

७/ यादीचे मोल सर्वांत लखलखीतपणे दाखवणारे शहर वॉर्सा. जर्मन ताब्यातील या शहरात वास्तुविशारद यान झाख्वातोविच आणि तंत्रविद्यापीठातील त्यांचे सहकारी जुन्या वास्तूंची मोजमापे व आराखडे गुप्तपणे जपत राहिले, वाढवत राहिले. १९४४चा उठाव चिरडल्यावर नाझींनी शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. जुन्या नगराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला. आराखडे मात्र शहराबाहेर काढून प्योत्रकूव येथील मठात लपवले गेले होते.

८/ युद्धानंतर वॉर्साचे जुने नगर पुन्हा उभे राहिले ते या कागदांच्या, अठराव्या शतकातील नगरचित्रांच्या आणि जुन्या छायाचित्रांच्या आधारे. १९८० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुनर्बांधलेल्या शहराला असा मान मिळणे विलक्षण होते. त्याच युद्धात ब्रिटननेही बॉम्बवर्षावाला तोंड देत १९४१ साली राष्ट्रीय इमारत-नोंद कार्यालय स्थापन केले. पडण्याची भीती असलेल्या इमारतींची छायाचित्रे व रेखाटने जमवणे हेच त्याचे काम होते. घर वाचवणे हातात नसेल, तर निदान त्याची आठवण अचूक राहावी, हा त्यामागील विचार.

९/ पुन्हा बाल्कनकडे. १९९९ साली कोसोव्होतील युद्ध संपले तेव्हा शेकडो मशिदी, ग्रंथालये, जुनी घरे पडलेली होती. ती कोणी पाडली? बेलग्रेडच्या सरकारचे उत्तर तयार होते: नाटोच्या विमानांनी. विमानांनी खरोखरच अडीच महिने बॉम्ब टाकले होते, त्यामुळे हे उत्तर वरकरणी पटण्याजोगे होते. दोन्ही बाजूंनी आरोप करावेत आणि सत्य ढिगाऱ्याखालीच राहावे, असा हा प्रसंग होता.

१०/ त्या शरद ऋतूत हार्वर्ड विद्यापीठातील ग्रंथपाल आंद्रास रीडलमायर आणि वास्तुविशारद अँड्र्यू हर्शर कोसोव्होत उतरले. बरोबर कॅमेरे होते, जुन्या वास्तूंच्या याद्या होत्या आणि युद्धापूर्वीची छायाचित्रे होती. त्यांची पद्धत साधी होती. स्थळी जावे, छायाचित्र घ्यावे, जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावे, हानीची श्रेणी ठरवावी, आसपासच्या लोकांना कोण, कधी, कसे आले हे विचारावे, आणि सर्व काही ठरावीक नमुन्यात लिहावे.

११/ त्या नमुन्यांतून जे निघाले ते आरोपांहून बोलके होते. सहाशेहून अधिक मशिदींपैकी सुमारे २२५ मशिदींची हानी वा विध्वंस झाला होता. मिनार आत सुरुंग लावून उडवलेले होते, आतील भाग जाळलेले होते. अनेक ठिकाणी शेजारची इमारत जशीच्या तशी उभी होती. आकाशातून पडलेला बॉम्ब असा निवडक नसतो. भिंतीला टेकून ठेवलेले स्फोटक असते. नाटोने पाडल्या असे ज्यांच्याविषयी सांगितले गेले होते, त्यांपैकी काही वास्तू तर शाबूत आढळल्या.

१२/ आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सर्ब सैन्य गेल्यानंतर सूडाच्या लाटेत सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चवर हल्ले झाले, आणि तेही या पाहणीत नोंदले गेले. पंचनामा करणारा एका बाजूची पडझड तपशीलवार लिहू लागला आणि दुसऱ्या बाजूची गाळू लागला, तर त्याच्या कागदाला प्रचारपत्रकाहून अधिक किंमत उरत नाही. नोंदीचे बळ तिच्या पूर्णतेत असते. दुःख कोणाचे यावर तिची लांबी ठरता कामा नये.

१३/ एप्रिल २००२ मध्ये हेग येथील युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात रीडलमायर साक्षीदार म्हणून उभे राहिले. समोर आरोपी स्लोबोदान मिलोशेविच. स्वतःचा बचाव स्वतःच करत असल्याने त्यांनीच उलटतपासणी घेतली. एका देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष एका ग्रंथपालाला मिनारांविषयी प्रश्न विचारतो आहे, आणि ग्रंथपाल छायाचित्रे व नमुने पुढे ठेवून उत्तर देतो आहे. वारशाच्या नोंदीचे महत्त्व सांगायला याहून मोठे दृश्य शोधण्याची आवश्यकता नाही.

१४/ त्याच वर्षी रीडलमायर यांनी बोस्नियातील १९ नगरपालिकांत ३९२ स्थळांची पाहणी करून दुसरा अहवाल सिद्ध केला. मिलोशेविच २००६ साली निकालापूर्वीच मरण पावले. तो खटला अपुरा राहिला. परंतु नोंदी मरण पावल्या नाहीत. त्या पुढील खटल्यांत पुन्हा पुन्हा सादर झाल्या. त्यांपैकी रादोवान कराजिच यांना २०१६ साली दोषी ठरवण्यात आले. आरोपी बदलतात, न्यायाधीश बदलतात. नीट ठेवलेली नोंद मात्र आपली पाळी येईपर्यंत थांबू शकते.

१५/ हे केवळ दगडविटांचे प्रकरण नव्हते. सेब्रेनित्सातील हत्याकांडाबाबत क्रस्तिच खटल्याच्या निकालात न्यायाधिकरणाने २००१ साली म्हटले की एखाद्या समूहाच्या धार्मिक व सांस्कृतिक वास्तूंवरील हल्ला हा त्या समूहालाच नष्ट करण्याच्या हेतूचा पुरावा मानता येईल. मिनार पाडणारा तेथे नमाज पढणाऱ्यांनी परत येऊ नये, असे सांगत असतो. म्हणूनच ‘माणसे मरत असताना दगड काय मोजता?’ हा प्रश्न, तो कितीही तळमळीने विचारला गेला तरी, खोटी निवड पुढे ठेवतो. दगड मोजल्याने माणसांवरील अत्याचाराचा हेतू उघडा पडतो.

१६/ नोंदीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोस्तारचा १५६६ सालचा ‘स्तारी मोस्त’ पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांच्या माऱ्याने नेरेत्वा नदीत कोसळला. विध्वंस चित्रफितीवर आहे. कोणीही तो नाकारलेला नाही. तरीही २०१७ साली अपील न्यायासनाने पूल त्या वेळी लष्करी लक्ष्य होता असे मानून त्या विध्वंसाबाबतची दोषसिद्धी रद्द केली. लष्करी गरजेची पळवाट १९५४च्या करारातच आहे. नोंद काय घडले हे सिद्ध करते. त्याला काय म्हणायचे हे कायदा ठरवतो. त्यामुळे नोंद अनावश्यक ठरत नाही. कायद्यातील भोक कोठे आहे तेही तीच दाखवते.

१७/ आता कामाची साधने बदलली आहेत. उपग्रहचित्रांमुळे रणांगणात पाऊल न टाकता छप्पर कोसळले की नाही हे पाहता येते. युनेस्को संयुक्त राष्ट्रांच्या उपग्रह केंद्राच्या साहाय्याने अशी पडताळणी करते. २०२५च्या मध्यापर्यंत तिने युक्रेनमधील ४७५हून अधिक आणि गाझामधील १००हून अधिक स्थळांची हानी पडताळली होती. हे आकडे पाहताना ‘पडताळली’ हा शब्द विसरू नये. तो संपूर्ण हानीचा आकडा नसून सिद्ध झालेल्या हानीचा आहे. स्थानिक सरकारांचे आकडे याहून बरेच मोठे असतात, याचे एक कारण हेच.

१८/ उपग्रहाचा डोळा वरून पाहतो. छप्पर शाबूत असेल तर आत जळालेले दप्तर त्याला दिसत नाही. लुटलेली मूर्ती दिसत नाही. पोथ्यांचे पेटारे कोणी उचलून नेले, हे दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोठे पाहायचे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. रिकामी जमीन दाखवणारे चित्र तेवढ्याने काहीही सिद्ध करत नाही. येथे पूर्वी काही होते, हे दाखवणारा दुसरा कागद शेजारी ठेवला की मगच त्या रिकामेपणाला अर्थ येतो.

१९/ अझरबैजानमधील नाखिचेवान प्रांताचे उदाहरण पाहावे. अर्मेनिया-अझरबैजान संघर्षाच्या सावलीत तेथील अर्मेनियन वास्तू नाहीशा होत गेल्या. जुल्फा येथील दफनभूमीत कोरीव क्रूसशिळांची, म्हणजे ‘खाचकारां’ची, रांगच्या रांग होती. डिसेंबर २००५ मध्ये त्या फोडल्या जात असल्याचे अरस नदीपलीकडच्या इराणी काठावरून चित्रित झाले. अधिकृत भूमिका मात्र अशी की असा विध्वंस झालाच नाही. दफनभूमी सपाट झाल्याचे पुढे उपग्रहचित्रांनी दाखवले.

२०/ २०२२ साली ‘कॉकेशस हेरिटेज वॉच’ या अभ्यासगटाने नाखिचेवानमधील ११० अर्मेनियन मठ, चर्च व दफनभूमींचे ठिकाण निश्चित केले. त्यांपैकी १०८ पूर्णपणे पुसल्या गेल्याचे त्यांना आढळले. हे शक्य झाले ते अर्गाम आय्वाझ्यान यांच्यासारख्या संशोधकामुळे. सोव्हिएत काळात, १९६०च्या दशकापासून सुमारे अडीच दशके, त्यांनी आपल्या जन्मप्रांतातील हजारो शिळा व वास्तूंची छायाचित्रे जमवली. तेव्हा तेथे युद्ध नव्हते. याच अभ्यासगटाने अर्मेनियन ताब्यातील प्रदेशात अझरबैजानी वारशाचे काय झाले, याचाही स्वतंत्र अहवाल दिला. नोंदीची विश्वासार्हता अशानेच वाढते.

२१/ यादी केवळ मागाहून उपयोगी पडते असेही नाही. २०११ साली लिबियातील मोहिमेपूर्वी वारसातज्ज्ञांनी महत्त्वाच्या स्थळांची यादी हल्ला करणाऱ्या लष्करांपर्यंत पोहोचवली. रास अल-मर्गेब येथील रोमन वास्तूभोवती लिबियन सैन्याने रडारची वाहने उभी केली होती. ती वाहने नष्ट झाली; वास्तूला किरकोळ इजा झाली. अर्थात यादी हे दुधारी हत्यार आहे. संरक्षणासाठी दिलेला पत्ता विध्वंसासाठीही वापरता येतो. म्हणून ती कोणाच्या हाती असावी, किती उघड असावी, हा निर्णय त्या वारशासोबत राहणाऱ्या समाजाला विचारल्याशिवाय घेतला जाऊ नये.

२२/ मराठी वाचकाला या विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. मे १८१८मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफांचा मारा केला, गडावर आग लागली आणि वाड्यांचे केवळ जोते व भिंती उरल्या. जिंकणाऱ्यांनी काय जळाले याची यादी करण्याचे कष्ट घेतले नाहीत. आज गडावरील वास्तूंविषयी जे सांगता येते, त्यात पेशवे दप्तरातील डागडुजीच्या आणि खर्चाच्या कागदांचा वाटा मोठा आहे. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहासाची साक्ष लिहितो आहोत, याची कल्पनाही नसेल. तो फक्त हिशेब चोख ठेवत होता.

२३/ रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांच्याकडे जगाचे लक्ष राहील. प्रश्न उरतो तो यादीत नसलेल्यांचा: गावच्या वेशीतली वीरगळ, पडक्या गढीचा दरवाजा, एखाद्या घराच्या माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल. युनेस्कोचे पथक त्यांच्यासाठी येणार नाही आणि कोणताही उपग्रह तिकडे वळवला जाणार नाही. त्यांचा सातबारा स्थानिक माणसांनीच लिहायचा आहे: स्थान, माप, छायाचित्र, दिनांक आणि एक प्रत दुसऱ्या गावी.

२४/ सारायेवोतील प्राच्यविद्या संस्थेच्या पोथ्या परत येणार नाहीत. परंतु १९९४ सालापासून रीडलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील अभ्यासकांना विचारणा सुरू केली: पूर्वी कधी सारायेवोत येऊन एखाद्या हस्तलिखिताची सूक्ष्मपट वा छायाप्रत घेतली होती काय? असेल तर तिची प्रत परत पाठवा. काही प्रती मिळाल्या. मूळ ग्रंथ राख झाला आणि परदेशी विद्यार्थ्याच्या कपाटातील छायाप्रत तेवढी उरली. नष्ट झालेल्या संग्रहाच्या तुलनेत त्या थोड्या होत्या. पण त्या काही पानांबाबत आग हरली.

२५/ युद्ध थांबवण्याचे सामर्थ्य ग्रंथपालात, वास्तुविशारदात वा छायाचित्रकारात नसते. विध्वंसानंतर ‘येथे काहीच नव्हते’ असे म्हणणाऱ्याला खोटे पाडण्याचे सामर्थ्य मात्र त्यांच्यात असते, आणि ते मिळते शांततेच्या कंटाळवाण्या दिवसांत. हानीच्या नोंदीसाठी यंत्रणा, उपग्रह आणि निधी उभारणाऱ्या राष्ट्रांनी त्याच खर्चाचा योग्य वाटा युद्धापूर्वीच्या याद्यांवर करावा, हीच या सर्व इतिहासातून निघणारी मागणी आहे. पंचनामा सरकारी असो वा आंतरराष्ट्रीय, त्याचा पहिला रकाना नेहमी आधीच्या यादीतून भरला जातो. (समाप्त)